बुद्धिमापन-कसोट्यांची भाषा : एक चिकित्सा

१

मानसशास्त्राने प्रयोगशाळेबाहेर पडून व्यवहारात जी साधने रूढ केली, त्यांत बुद्धिमापनाच्या कसोटीइतके दूरगामी परिणाम घडविणारे साधन दुसरे क्वचितच सापडेल. मुलाला कोणत्या शाळेत घालावे, कोणत्या वर्गात बसवावे, त्याला विशेष शिक्षणाची गरज आहे किंवा नाही, त्याचा मतिमंदत्वाचा दाखला ग्राह्य धरावा की नाही, असे अनेक निर्णय या कसोटीच्या आधारे घेतले जातात. निर्णय घेणाऱ्याच्या हाती अखेर एक संख्या येते. ही संख्या ज्या प्रश्नोत्तरांतून निघालेली असते ती प्रश्नोत्तरे मात्र संख्येच्या मागे दडून राहतात, आणि कालांतराने ती संख्या म्हणजे त्या मुलाचा अंगभूत गुणच होय, असे मानले जाऊ लागते.

बुद्धिमापनावर आजवर जी टीका झाली, ती मुख्यतः दोन दिशांनी झाली. बुद्धी नावाची एकसंध शक्ती आहे काय, हा तिचा एक प्रश्न. आणि बुद्धीत आनुवंशिकतेचा वाटा किती, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्याही आधी येणारा एक साधा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. कसोटी ही प्रथमतः भाषिक कृती आहे. कोणी तरी काही विचारतो, मूल ते ऐकते, त्याचा अर्थ लावते, उत्तर देते, आणि ते उत्तर बरोबर की चूक हे तिसऱ्याच कोणी तरी आधी ठरवून ठेवलेले असते. या चारही पायऱ्यांवर भाषा कार्य करीत असते. तेव्हा एका भाषेत रचलेली कसोटी दुसऱ्या भाषेत नेली असता तीच कसोटी उरते काय, हा प्रश्न भाषाभ्यासकाने विचारणे अवश्य ठरते. मराठीच्या संदर्भात त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या कसोटीच्या जनकाचा उद्देश मर्यादित आणि सहृदय होता. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने नेमलेल्या समितीपुढे, सामान्य वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशी मुले कशी ओळखावी, हा प्रश्न होता. आल्फ्रेद बिने हे त्या समितीचे एक सदस्य. शिक्षकाच्या लहरीवर किंवा पूर्वग्रहावर मुलाचे भवितव्य अवलंबून राहू नये, म्हणून त्यांनी तेओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली पहिली श्रेणी रचली आणि १९०८ व १९११ मध्ये ती सुधारली. ती फ्रेंच बोलणाऱ्या, पॅरिसच्या शाळांत जाणाऱ्या मुलांसाठी होती. बुद्धी ही उंचीप्रमाणे एका रेषेवर मोजता येणारी राशी आहे, असा बिने यांचा दावा नव्हता. १९११ मध्येच त्यांचे निधन झाले. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून गुणांक काढण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी त्यानंतर १९१२ मध्ये मांडली.

कसोटी अटलांटिक ओलांडून गेली आणि तिचा स्वभाव पालटला. हेन्री गॉडर्ड यांनी ती इंग्रजीत आणली. १९१२-१३ च्या सुमारास न्यूयॉर्कनजीकच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांवर तिचा प्रयोग दुभाष्यांच्या मदतीने करण्यात आला. तपासलेल्यांपैकी सुमारे चार-पंचमांश ज्यू, इटालियन, हंगेरियन व रशियन लोक मंदबुद्धीचे आहेत, असा निष्कर्ष १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण या देशात आलो तेव्हा आपल्यालाही या प्रश्नांची उत्तरे देता आली नसती, असे त्या वेळी एका दुभाष्याने बोलून दाखविले होते. त्या भाष्याची शास्त्रात नोंद झाली, दखल मात्र घेतली गेली नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यातील सतरा लाखांहून अधिक लोकांची सामुदायिक परीक्षा घेण्यात आली. तिच्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये निरनिराळ्या राष्ट्रांतून आलेल्या लोकांच्या बुद्धीची प्रतवारी लावली. १९३० मध्ये त्यांनीच आपले निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीरपणे मान्य केले. ज्यांच्या घरी दुसरी भाषा बोलली जाते त्यांची तुलना इंग्रजी कसोटीने करता येत नाही, हे त्यांच्या कबुलीचे एक प्रमुख कारण होते. परंतु मधल्या काळात, १९२४ साली, दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांचे आगमन रोखणारा कायदा झालेला होता. त्या कायद्याला कसोट्यांनीच जन्म दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एवढे मात्र खरे की, भाषेच्या अज्ञानाला बुद्धीचे वैगुण्य समजण्याची चूक शास्त्राच्या नावाने झाली आणि ती दुरुस्त होण्यास विलंब लागला.

३

भारतात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग प्रथम कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली सुरू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत देशी भाषांतील बुद्धिमापनास आरंभ झाला. १९२२ च्या सुमारास लाहोर येथे हर्बर्ट राइस यांनी बिने-श्रेणीचे हिंदुस्थानी रूपांतर केले. मराठीच्या दृष्टीने मात्र वि. वि. कामत यांचे कार्य मूलगामी आहे. धारवाड परिसरात कानडी व मराठी मुलांवर प्रत्यक्ष प्रयोग करून त्यांनी १९३४ च्या सुमारास ही कसोटी सिद्ध केली आणि ‘मेजरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी या नावाने ती आजही उपयोगात आहे. पुढे १९६९ साली नागपूर येथे ए. जे. मालिन यांनी वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या श्रेणीचे भारतीय रूपांतर तयार केले.

कामतांच्या कार्याची थोरवी येथे नि:संकोचपणे मान्य केली पाहिजे. परकी कसोटी उचलून तिचे शब्द तेवढे बदलावे, अशी त्यांची भूमिका नव्हती. प्रत्येक प्रश्न मुलांपुढे ठेवून तो कोणत्या वयाला झेपतो हे पडताळून पाहण्याची आवश्यकता त्यांनी ओळखली होती. तथापि अशा पडताळणीने एका विशिष्ट प्रश्नाचे वय ठरते. तो प्रश्न नव्या भाषेत नेमके काय मोजतो, हे तिने ठरत नाही. आठ वर्षांच्या मुलांपैकी बहुसंख्य मुले एखादा प्रश्न सोडवितात, एवढे संख्याशास्त्र सांगू शकते. मुले तो विचारशक्तीने सोडवितात, पाठांतराने सोडवितात, की व्याकरणच त्यांना उत्तर पुरविते, हे जाणण्यासाठी प्रश्नाचे भाषिक परीक्षण करावे लागते.

४

अशा परीक्षणाची चार उदाहरणे येथे घेता येतील.

पहिले उदाहरण अंकांचे. बिने-श्रेणीत आठ वर्षांच्या मुलाला वीसपासून उलट मोजावयास सांगण्याचा एक प्रश्न आहे. फ्रेंच मूल वीसनंतर जे तीन शब्द उच्चारते त्यांची रचना ‘दहा-नऊ’, ‘दहा-आठ’, ‘दहा-सात’ अशी पारदर्शक आहे. एकेरी अंकांचा उलट क्रम येत असला की या टप्प्यावर शब्द आपोआप हाती येतात. मराठी मुलाला ‘एकोणीस’ म्हणावे लागते. त्या शब्दात ‘नऊ’ कोठेच नाही. ‘विसाला एक उणा’ हा त्याचा मूळ अर्थ मुलाच्या दृष्टीने कधीच लोपलेला असतो. वीसच्या पुढे तर मराठी संख्यानामे अधिकच दुर्घट होतात. ‘सत्तावीस’ बोलताना सात आधी येतो, लिहिताना दोन आधी येतो. ‘बावन्न’, ‘त्रेपन्न’, ‘एकोणसाठ’ ही तर सुटी पाठ करावी लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती सुचविण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात परंपरेचा अभिमान आणि अध्यापनाची सोय या दोन्ही बाजू हिरिरीने मांडल्या गेल्या. परंतु संख्यानामांची रचना मुलाच्या बुद्धिव्यापारावर भार टाकते, हे गृहीतक दोन्ही पक्षांच्या बोलण्यामागे होते. बुद्धिमापन करणाऱ्याने ते दुर्लक्षून चालणार नाही. अंक ऐकून पुन्हा म्हणून दाखविण्याच्या प्रश्नालाही हेच लागू पडते. एलिस व हेनेली यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या व्यक्तींना वेल्शमधील अंक उच्चारण्यास अधिक वेळ लागतो, आणि म्हणून त्या भाषेत त्यांच्या ध्यानात कमी अंक राहतात. व्यक्ती तीच, स्मरणशक्ती तीच. भाषा बदलताच मोजमाप बदलले.

दुसरे उदाहरण व्याख्येचे. १९०८ च्या श्रेणीत सहा वर्षांच्या मुलाने वस्तूची व्याख्या तिच्या उपयोगावरून करावी आणि नऊ वर्षांच्या मुलाने उपयोगाच्या पलीकडे जाऊन करावी, अशी अपेक्षा आहे. उपयोगावरून केलेली व्याख्या ही कमी परिपक्व मानलेली आहे. आता मराठी स्वयंपाकघरातील शब्द पाहावे. लाटणे, किसणी, चाळणी, गाळणी, झाकण, उलथने हे सर्व शब्द क्रियापदांपासून सिद्ध झालेले आहेत. ‘गाळणी म्हणजे काय?’ या प्रश्नाला ‘गाळायची असते ती’ असे उत्तर देणारे मूल शब्दाची घडण उकलून दाखवीत असते. वैयाकरणाच्या दृष्टीने ते उत्तर निर्दोष आहे. गुणपत्रकाच्या दृष्टीने मात्र ते खालच्या वयाचे ठरते. खुर्ची किंवा घोडा यांविषयीच्या प्रश्नात ही अडचण येत नाही. म्हणजे शब्दाच्या निवडीवरच गुण अवलंबून राहतात, आणि ही निवड शब्दसिद्धीच्या जाणिवेने झालेली नसेल तर मुलावर अन्याय होतो.

तिसरे उदाहरण यमकाचे. टर्मन यांच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत दिलेल्या शब्दाशी यमक जुळणारे शब्द ठराविक वेळात सांगण्याचा प्रश्न आहे. इंग्रजीत त्यासाठी शब्दसंग्रहात शोध घ्यावा लागतो. मराठीत ‘आला’ या शब्दाला ‘गेला’, ‘केला’, ‘प्याला’, ‘म्हणाला’ अशी रांगच उभी राहते, कारण भूतकाळाचा प्रत्यय यमक जुळवून देतो. हे मान्य करावे तर प्रश्न निरर्थक होतो. अमान्य करावे तर ‘प्रत्ययाचे यमक चालणार नाही’ ही व्याकरणाची अट नऊ वर्षांच्या मुलाला समजावून द्यावी लागते. अन्याय नेहमी मुलाचा तोटा करणाराच असतो असे नव्हे, हेही या उदाहरणावरून दिसते. भाषा कधी फुकट गुण देते आणि ज्याला साहाय्याची गरज आहे अशा मुलाची अडचण झाकून टाकते.

चौथे उदाहरण साम्यभेदाचे. ‘लाकूड आणि कोळसा यांत सारखे काय?’ असा प्रश्न केला असता ‘ते सारखे नसतात’ असे उत्तर मूल देऊ शकते. ‘सारखा’ हा शब्द बोलीत ‘हुबेहूब’ आणि ‘एकसारखा, सतत’ या अर्थांनीही वावरतो. ‘सारखा रडतो’ हे वाक्य मुलाने स्वत:विषयीच कितीदा तरी ऐकलेले असते. ‘साम्य कोणते?’ असे विचारावे तर शब्द संस्कृत, पुस्तकी. ज्या घरात पुस्तके आहेत त्या घरातील मुलाला तो ऐकून ठाऊक, इतरांना नाही. मूळ प्रश्नात दडलेला हेतू, म्हणजे दोहोंना सामावणारी एक जाती शोधणे, हा मराठीत कोणत्या वाक्याने नि:संदिग्धपणे सांगता येईल, याचा निर्णय घेणे हे मानसशास्त्राइतकेच भाषाशास्त्राचेही काम आहे.

५

शब्द आणि प्रत्यय यांच्या पलीकडे आणखी एक थर आहे. प्रश्न विचारणे ही सामाजिक कृती आहे आणि तिचे नियम समाजागणिक भिन्न असतात. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न शाळेत रोजचा आहे. घरी मात्र तो मुलाला बहुधा दोनच प्रसंगी भेटतो : कोडे घालताना, आणि ‘हे कोणी सांडले?’ अशा दरडावणीत. पहिल्या प्रसंगी सरळ उत्तर चुकीचे असते, दुसऱ्या प्रसंगी गप्प राहणे शहाणपणाचे असते. काही घरांत ‘नाक कुठे आहे? कान कुठे आहे?’ असा खेळ तान्हेपणापासून चालतो. बिने-श्रेणीत तीन वर्षांच्या मुलाला डोळे, नाक, तोंड दाखवावयास सांगण्याचा प्रश्न आहे, तो अशाच घरांची आठवण करून देतो. शर्ली ब्राइस हीथ यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील शेजारशेजारच्या वस्त्यांतही प्रश्न विचारण्याच्या रीती किती वेगळ्या असतात हे तपशिलाने दाखविले आहे.

अलेक्सांद्र लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात केलेले प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहेत. त्यांचा ग्रंथ रशियन भाषेत १९७४ मध्ये प्रकाशित झाला. हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांतून वेगळी वस्तू काढावयास सांगितली असता निरक्षर शेतकरी ओंडका बाजूला काढण्यास तयार होत नसत. ओंडका नसेल तर करवत आणि कुऱ्हाड यांचा उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे. शालेय शिक्षणाने विचारपद्धती पालटते असा निष्कर्ष लुरिया यांनी काढला आणि तो बराचसा ग्राह्य आहे. परंतु या उत्तरात तर्काचा अभाव नाही. वर्गीकरणाचे दुसरे तत्त्व त्यात आहे, आणि परीक्षकाला कोणते तत्त्व हवे आहे याचा अंदाज बांधण्याची सवय तेवढी नाही. ही सवय शाळा लावते.

विल्यम लबॉव यांचा १९६९ चा निबंध याहून थेट आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील आठ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा औपचारिक मुलाखतीत एका-एका शब्दात उत्तरे देत होता. त्याला भाषाच नाही असा समज व्हावा. मुलाखत घेणाऱ्याने पुढच्या खेपेस त्याच्या मित्राला सोबत आणले, खाऊ आणला, स्वत: जमिनीवर बसून संभाषणाचा सूर बदलला, तेव्हा तोच मुलगा अडविला तरी थांबेना. बदल मुलात झाला नव्हता, परिस्थितीत झाला होता.

अनुवादाच्या दोषाचे खापर मनावर फोडण्याचे एक उदाहरण अगदी विद्वान मंडळींतही घडले. ‘असे झाले असते तर तसे झाले असते’ या प्रकारच्या संकेतार्थी विचारात चिनी भाषक मागे पडतात, कारण त्यांच्या भाषेत तसे स्वतंत्र रूप नाही, असे आल्फ्रेड ब्लूम यांनी १९८१ मध्ये प्रतिपादिले. टेरी आउ यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, ब्लूम यांच्या प्रयोगातील चिनी उताराच बोजड होता. तोच आशय सहज चिनीत मांडला असता चिनी भाषकांना काही अडचण पडत नाही. वाद पुढेही चालला, परंतु त्यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे : प्रयोगातील अनुवाद सदोष असला की तो दोष वाचकाच्या बुद्धीचा म्हणून नोंदला जातो.

६

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. भाषा हीच अडचण असेल तर भाषाविरहित कसोट्या वापराव्या. रेव्हन यांच्या आकृतिमालिका १९३८ पासून उपलब्ध आहेत, आपल्याकडे सी. एम. भाटिया यांनी निरक्षरांनाही देता येईल अशी कृतिकसोट्यांची मालिका १९५५ मध्ये सादर केली. अशा कसोट्यांचा उपयोग नाकारता येत नाही. परंतु त्यांच्या सूचना तरी भाषेतच द्याव्या लागतात, आणि कागदावरील आकृती वाचणे हीसुद्धा शिकून येणारी विद्या आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८७ मध्ये चौदा राष्ट्रांतील आकडे एकत्र करून दाखविले की, पिढीगणिक गुणांक वाढत गेले आहेत आणि ही वाढ संस्कृतिमुक्त समजल्या जाणाऱ्या आकृतिकसोट्यांतच सर्वांत मोठी आहे. नेदरलँड्समध्ये १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत ती सुमारे वीस गुणांची होती. एका पिढीत मानवी मेंदू एवढा पालटत नाही. पालटते ते शिक्षण आणि सवय. भाषा टाळल्याने संस्कृती टळत नाही.

दुसरा आक्षेप असा की, इतक्या शंका काढल्यावर कसोटीचा त्यागच करावा. तसे केल्यास मूल पुन्हा शिक्षकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या मतावर सोपविले जाईल. या मतात भाषेविषयीचे पूर्वग्रह अधिक असतात आणि ते तपासण्याची सोय नसते. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणणारा वऱ्हाडी मुलगा वर्गात आधीच मंद समजला जात असेल, तर त्याचा बचाव करण्यास योग्य कसोटीच उपयोगी पडेल. कसोटीचे सामर्थ्य तिच्या तपासणीयोग्यतेत आहे. म्हणूनच तिची तपासणी झाली पाहिजे.

७

हा प्रश्न केवळ विद्वच्चर्चेचा नाही. अमेरिकेत १९७० साली कॅलिफोर्नियातील नऊ स्पॅनिशभाषक मुलांच्या वतीने न्यायालयात दाद मागण्यात आली. इंग्रजी कसोटीवरून ही मुले मंदबुद्धी म्हणून वेगळ्या वर्गात टाकली गेली होती. स्पॅनिशमध्ये फेरतपासणी होताच बहुतेकांचे गुणांक त्या मर्यादेच्या वर गेले. मुलाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेतही घेतली पाहिजे, अशी तडजोड तेथे मान्य झाली. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम बौद्धिक दिव्यांगतेची व्याख्या करताना बुद्धिव्यापार आणि दैनंदिन जीवनातील समायोजन या दोहोंतील लक्षणीय मर्यादा आवश्यक मानतो. केवळ एका संख्येवर निर्णय करू नये हे तत्त्व त्यात अनुस्यूत आहे. परंतु त्या दोहोंपैकी पहिली बाजू ठरविताना कसोटी लागतेच, आणि ती कोणत्या भाषेत घेतली हे विचारणे भाग पडते. मेळघाटातील कोरकू मूल किंवा गडचिरोलीतील गोंड मूल यांची गोष्ट घ्यावी. कोरकू ही मुंडा कुळातील, गोंडी द्राविड कुळातील; दोहोंपैकी एकही मराठीची बोली नाही. अशा मुलाची पुण्यामुंबईच्या प्रमाण मराठीत घेतलेली परीक्षा एलिस बेटावरील परीक्षेहून तत्त्वत: निराळी नाही. तेथे निदान दुभाष्या होता.

या विवेचनातून काही अपेक्षा निष्पन्न होतात. कसोटीच्या मराठी रूपांतराबरोबर प्रत्येक प्रश्नाची भाषिक टिपण असावी : कोणते शब्द का निवडले, कोणत्या बोलींत ते अपरिचित आहेत, कोणती उत्तरे व्याकरणामुळे आपोआप येतात, कोणती पर्यायी उत्तरे ग्राह्य धरावी. अनुवाद पुन्हा मूळ भाषेत करून ताळा पाहण्याची जी पद्धत रूढ आहे ती अपुरी आहे, कारण शब्दश: केलेला वाईट अनुवादच अशा ताळ्यात उत्तम ठरतो. आंतरराष्ट्रीय कसोटी आयोगाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांतही भाषांतराइतकाच भर अनुकूलनावर दिलेला आहे. प्रत्येक अहवालात गुणांकाशेजारी परीक्षेची भाषा, मुलाची घरची भाषा आणि परीक्षकाची भाषा यांची नोंद व्हावी. हे काम मानसशास्त्र विभाग एकट्याने करू शकणार नाही आणि भाषाशास्त्र विभागही एकट्याने करू शकणार नाही. दोन्ही विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकत्र येऊन करता येईल असे याहून उपयुक्त संशोधन फारसे नाही : एकेक प्रश्न घ्यावा, वऱ्हाड, खानदेश, कोकण, मराठवाडा येथील मुलांपुढे ठेवावा, आणि मुलाचे उत्तर गुण देण्यापूर्वी जसेच्या तसे लिहून घ्यावे.

मुलाने दिलेले उत्तर चुकीचे ठरविण्यापूर्वी त्याला कोणता प्रश्न ऐकू आला हे पाहणे, एवढीच ही मागणी आहे. बिने यांनी शिक्षकाच्या पूर्वग्रहापासून मुलाला वाचविण्यासाठी कसोटी रचली. तिच्या मराठी अवतारात भाषेचा पूर्वग्रह शिरू न देणे, हे त्याच हेतूचे पुढचे पाऊल होय.